सावळदरा फाट्यावरची भिंत

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल की नाही, सांगता येत नाही. पण धारूरहून केजकडे येणाऱ्या एसटीत कधी खिडकीशी बसला असाल, तर मला वाचलं मात्र नक्की असेल. मी एक जुनी भिंत आहे. सावळदरा फाट्यावर अगदी वळणाच्या तोंडाशी उभी. इथं गाडी हळू होते, माणसांची नजर सहज माझ्यावर येते, आणि जे लिहिलेलं असेल ते वाचूनच पुढं जाते. म्हणून आमच्या मतदारसंघात विधानसभेची निवडणूक लागली, की पुढाऱ्यांना मतदार नंतर आठवतात, आधी मी आठवते.

माझा जन्म सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यातला. बिभीषणदादा आणि कौशल्याबाई यांचं नुकतंच लग्न झालं होतं. दादांनी बांधावरचे दगड गाडीत घालून आणले आणि एकावर एक रचले. चिखल तुडवला तो कौशल्याबाईंनी. त्यात भुसा कालवला, घमेली भरून दिली, आणि शेवटी पांढरी माती नि शेण एकत्र करून मला लिंपलं तेही त्यांनीच. लिंपताना त्यांच्या बांगड्या माझ्या अंगावर खुळखुळत. पाचही बोटांचे अर्धगोल वळ माझ्यावर उमटत जात. पुढं दहा-अकरा वर्षांनी त्यांना जीवन झाला, तेव्हा दुपारच्या उन्हात त्या मला पाठ टेकून बसायच्या. लेकरू मांडीवर, वर खुंटीला दुपटी वाळत घातलेली. दुधाचा वास, मातीचा वास आणि लेकराचा इवलासा श्वास. मी दगडांची असले, तरी त्या वेळी मला फार हलकं वाटायचं.

अठ्ठ्याहत्तर साली विधानसभेची निवडणूक आली. एक जीप फाट्यावर थांबली. तिच्यातून चार माणसं उतरली, आणि त्यांच्यामागून वीस-एकवीस वर्षांचा एक पेंटर. त्याचं नाव फकीर. राहणारा केजचा. एका हातात रंगाचे डबे, दुसऱ्या हातात निळीत बुडवलेली दोरी. ही दोरी दोघांनी ताणून धरायची आणि मध्ये चिमटीत धरून टणकन सोडायची. भिंतीवर सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं बसवायची.

"दादा, भिंत लई मोक्याची हाय. लिहू का?" एकानं विचारलं.

"लिव्हा की. भिंतीला काय दुखतंय?" बिभीषणदादा म्हणाले.

कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. "कालच लिंपलीय हो मी," त्या म्हणाल्या.

"वहिनी, आमचं सरकार आलं की सरकारच लिंपंल," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

फकीरनं दोरी टणकन सोडली. कौशल्याबाई माझ्याजवळ आल्या, हात झटकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मला कुनी इचारलं का?"

मित्रांनो, हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पुढं प्रत्येक निवडणुकीला ऐकला. त्यांना भिंत द्यायची नव्हती असं मुळीच नाही. लिहिलेली अक्षरं त्यांना आवडायची. वाचता येत नसे, पण "हे वळणदार हाय, हे काटकुळं हाय" असं म्हणून त्या बघत राहायच्या. त्यांना एवढंच हवं होतं, की जिनं चिखल तुडवला तिलाही एकदा कुणीतरी विचारावं. निवडणूक झाली, की चुना भिजवून मला पुन्हा पांढरं कोण करायचं? त्याच. मग रंगवण्याआधी त्यांना विचारायला नको?

पण वर्षं जात राहिली आणि माझ्यावर रंग चढत राहिले. ऐंशी साल, पंच्याऐंशी, नव्वद. पक्षांची नावं मी घेणार नाही. भिंतीनं पक्षपात करू नये. एवढं सांगते, की आधी एकच रंग माझ्या सगळ्या अंगभर असायचा. मग दोन रंग आले आणि मधोमध भांडणाची रेघ आली. निवडणुकीच्या सहा महिने आधीच कुणीतरी येऊन गेरूनं "जागा राखीव" असं खरडून जायचं. जणू मी एसटीतली सीट आणि त्यांनी खिडकीतून रुमाल टाकलेला.

पंचाण्णव साली तर अपक्षांचं अमाप पीक आलं. माझे सहा तुकडे झाले. इकडं छत्री, तिकडं कपबशी, खिडकीखाली पतंग, कोपऱ्यात शिवणयंत्र. जीवन तेव्हा सात वर्षांचा. तो माझ्यासमोर उकिडवा बसून चित्रांवरून अक्षरं लावायचा. "छ छत्रीचा. क कपबशीचा." शाळेत गुरुजींनी फळ्यावर "प" काढून विचारलं, तर यानं "पतंगावर शिक्का मारा" असं अख्खं वाक्य म्हणून दाखवलं. गुरुजी हसले, पण पोरगं वाचायला शिकलं ते माझ्यावर. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते हेच. मी कुणाला आमदार केलं असेल-नसेल, पण फाट्यावरची सात-आठ लेकरं मी साक्षर केली.

दोन हजार चार साली मतपेटी गेली आणि मशीन आलं. शिक्क्याऐवजी बटण झालं. फकीर आता फकीरभाई झाले होते, दाढीत पांढरे केस आले होते. "भाभी, अब शिक्का नक्को लिखने का, बटण लिखने का," असं ते कौशल्याबाईंना सांगायचे. त्यांच्या हातचा चहा घ्यायचे, माझ्या ओल्या जागेवर तळहात ठेवून बघायचे. भला माणूस. पण विचारायचं ते बिभीषणदादांना, हे त्यांच्याही अंगवळणी पडलेलं.

आणि मग आलं दोन हजार नऊ साल. त्या सालची गंमत तुम्हाला सांगायलाच हवी.

मतदारसंघांची पुनर्रचना झाली. म्हणजे कागदावरच्या हद्दी हलल्या. काही गावं इकडून तिकडं गेली, काही तिकडून इकडं आली. आमचं सावळदराही उठून शेजारच्या मतदारसंघात जाऊन बसलं. पण गावातली वाट तीच, ओढा तोच, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. उन्हाळ्यात मतदार यादीचं काम करणारे एक गुरुजी आले होते. घरी एकट्या कौशल्याबाईच होत्या. पाणी पिता पिता गुरुजींनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं, "मावशी, आता तुमचं गाव पलीकडच्या मतदारसंघात. उमेदवार वेगळे, आमदार वेगळा." कौशल्याबाईंनी मान डोलावली आणि तांब्या आत नेला.

निवडणूक लागली. फकीरभाईंच्या वहीत जुन्या नेत्याच्या ठरलेल्या भिंतींची यादी होती, अठ्ठ्याहत्तरपासूनची. ती कुणी बदललीच नव्हती. ते नेहमीसारखे आले, बिभीषणदादांना विचारलं, दोरी टणकन सोडली आणि जुन्या नेत्याचं नाव माझ्यावर हातभर अक्षरांत लिहून मोकळे झाले.

मग काय, फाट्यावर रोज सभा भरू लागली. दादा त्या नेत्याच्या बाजूचे, त्यांचे दोस्त म्हाळूआबा विरोधातले.

"तीस वर्सात त्यानं फाट्याला एक शेड बांधलं का बे?"

"तुझ्या दारातला बोअर कुनी पाडला बे मग? तुझ्या सासऱ्यानं?"

आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी दोघांचं बोलणं बंद झालं. दोघं माझ्याच सावलीत बसायचे, पण एक पूर्वेला तोंड करून आणि एक पश्चिमेला.

त्याच दुपारी ते गुरुजी मोटारसायकलवरून चालले होते. माझ्यापाशी थांबले, वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अहो बिभीषणराव," ते म्हणाले, "हे गृहस्थ तुमच्याकडं उभेच नाहीत. तुमचा मतदारसंघच बदललाय. मी उन्हाळ्यात घरी सांगून गेलो होतो की."

दादांनी दाराकडं पाहिलं. कौशल्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"तुला ठावं होतं?"

"व्हतं की."

"मग आठ दिस झाले, आमी भांडून मरायलोत, अन् तू बोलली कावून न्हाईस?"

कौशल्याबाईंनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मला कुनी इचारलं का?"

आधी हसू फुटलं ते म्हाळूआबांना. ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि दादांनीच उठून त्यांच्या पाठीवर थापटलं. बोलणं सुरू झालं. फकीरभाई दुसऱ्या दिवशी धावत आले, कान धरून म्हणाले, "गलती हो गई." पण मला पुसलं ते नेहमीप्रमाणं कौशल्याबाईंनीच.

बिभीषणदादा मात्र हसले नव्हते. त्या दिवाळीनंतर ते एकदा धुतलेलं धोतर नेसून ग्रामपंचायतीत गेले आणि घराच्या नोंदीत कौशल्याबाईंचं नाव लावून आले. आल्यावर एवढंच म्हणाले, "घर तुझ्या नावावर केलंय. भिंत बी त्यातच आली." माफी मागायची ती त्यांची रीत होती. कौशल्याबाईंनी त्या दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर न सांगता वांग्याचं भरीत केलं.

पुढची चौदा-पंधरा वर्षं मला कुणी ओळखेना. फ्लेक्स आले. पोरं माझ्या अंगात खिळे ठोकून जायची आणि फ्लेक्स लटकवून जायची. त्यावर बाराही महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवस. माझ्यावर कुणी लिहीना, म्हणून मला कुणी वाचेना. शेळ्या अंग घासायच्या. दोन निवडणुका अशाच गेल्या. मधल्या काळात बिभीषणदादा वारले. तरी कौशल्याबाई दर दसऱ्याला मला चुना देत राहिल्या. गुडघे दुखायचे, तर पाटावर बसून खालचा भाग त्या करायच्या आणि वरचा सूनबाई सत्यशीला करायच्या. सत्यशीलाबाईंची लेक संस्कृती तेव्हा रांगत होती. चुन्यात हात बुडवून तिनं माझ्या पायथ्याशी पंजा उमटवला, तो पुसायला दोघींचाही हात धजला नाही.

आता परवाची गोष्ट. चोवीस सालची विधानसभा.

उत्तरेश्वर नावाचा एक कार्यकर्ता आहे, गावातलाच. धावपळ करणारा, पण नेहमी घाईत. त्याच्या डोक्यात आलं, की फ्लेक्सकडं आता माणसं बघत नाहीत, वाढदिवसच समजतात. फाट्यावरची जुनी भिंत रंगवली तर लोक थांबून वाचतील. हल्ली घरमालकाची लेखी परवानगी लागते. उत्तरेश्वरनं छापील कागद घेतला आणि थेट मांजरसुंब्याला गेला. जीवन तिथं ढाब्यावर ट्रक लावून जेवत होता. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं त्यानं सही ठोकली. "भिंतच हाय की," म्हणाला. बापाचाच लेक.

दुसऱ्या दिवशी एसटीतून फकीरभाई उतरले. सगळी दाढी पांढरी, पाठ वाकलेली. फ्लेक्सनं त्यांचं काम कधीच खाल्लं होतं. ब्रश बोथट झाले होते, तरी केरोसीनमध्ये घालून, धुऊन आणले होते. कितीतरी वर्षांनी त्यांना भिंत मिळाली होती, आणि ती मी होते. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. हात थोडा कापत होता.

काम सुरू करण्याआधी मजकूर मोठ्यानं वाचायची त्यांची सवय. उत्तरेश्वरनं दिलेला कागद वाचता वाचता ते शेवटी आले. "परवानगी देणार, जीवन बिभीषण..." ते थांबले. "भाभी, घर तो आपके नाव पे हाय ना?"

"हाय," कौशल्याबाई म्हणाल्या.

"फिर ये सही?"

कौशल्याबाईंनी कागदाकडं पाहिलं, मग ब्रशांकडं. मला सगळं दिसत होतं. एकीकडं सेहेचाळीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न, दुसरीकडं हा म्हातारा माणूस आणि त्याचे धुतलेले ब्रश. नाही म्हटलं, तर त्याचं काम जाणार. हो म्हटलं, तर त्यांचा प्रश्न पुन्हा चुन्याखाली जाणार.

"फकीरभाई, तुमच्या पोटावर मला पाय द्यायचा न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "बसा, चहा घ्या. पन डबे उघडू नगा. सत्यशीला, त्या उत्तरेश्वरला फोन लाव."

उत्तरेश्वर फोनवर म्हणाला, "काकू, जीवननं सही केली की."

"मग चुना द्यायला बी जीवनलाच बोलीव."

पाऊण तासात उत्तरेश्वरची मोटारसायकल आली. फाट्यावरची माणसं चहाचे कप घेऊन जवळ सरकली. विरोधी बाजूचे दोघं-तिघं तर आधीपासूनच टपून होते. ते पाहून उत्तरेश्वरला आणखी घाम फुटला.

"काकू, कावून आडवं लावताव? काय पायजे ते बोला. लुगडं पायजे का?"

"लुगडी हायेत मला. लेकानं घेतलीत."

"घरासमोर मुरूम टाकून देतो."

"मुरूम रस्त्याला टाक, समद्यांच्या कामाला येईल."

"मग काय पायजे?"

"ते बी मीच सांगू व्हय? येवढा प्रचार करतोस, लोकाच्या दारात हात जोडतोस. माझ्या दारात येऊन तू आज काय जोडलंस?"

उत्तरेश्वरनं गॉगल काढून खिशात ठेवला. चपला काढल्या. ओट्याच्या कडेला, त्यांच्या पायापेक्षा खालच्या पायरीवर बसला. त्याचा आवाजही बदलला. "काकू, तुमच्या भिंतीवर आमच्या उमेदवाराचं नाव लिहू का?"

मित्रांनो, मला वाटलं आता त्या लगेच हो म्हणतील. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. कौशल्याबाईंनी पदर सारखा केला, माझ्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं.

"इचार करून सांगते," त्या म्हणाल्या. "उद्या ये."

उत्तरेश्वर उठला आणि चपला घालून गेला. फकीरभाई मात्र गालातल्या गालात हसत एसटीत चढले. त्या संध्याकाळी कौशल्याबाई संस्कृतीला मांडीवर घेऊन मला टेकून बसल्या होत्या. इतक्या निवांत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सत्यशीलाबाईंनी विचारलं, "आत्याबाई, उद्या काय सांगनार?"

"हो म्हननार की. न्हाई कशाला म्हनू?"

"मग आजच सांगायचं व्हतं."

"आज सांगितलं असतं, तर त्याला वाटलं असतं, इचारनं म्हंजे नुसती रीत हाय."

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर आला. या वेळी गॉगल घरीच ठेवून आला होता. कौशल्याबाईंनी नव्या कागदावर अंगठा दिला आणि एकच अट घातली, "खाली एक वळ माझी बी लिहायची."

फकीरभाईंनी दोरी टणकन सोडली. आधी उमेदवाराचं नाव झालं, चिन्ह झालं. मग त्यांनी खालची ओळ काढली. त्या ओळीला त्यांचा हात अजिबात कापला नाही. "ही भिंत कौशल्याबाईंना विचारून रंगवली आहे." फक्त एक झालं. कौशल्याबाईंचं नाव उमेदवाराच्या नावाएवढंच मोठं निघालं.

"चाचा, उमेदवार कोन हाय?" उत्तरेश्वर कळवळला.

"जगा बहोत थी," फकीरभाई म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस एसटीतली माणसं खिडकीतून विचारत होती, "आजी, तुमी बी उभ्या हायेत का?" आणि कौशल्याबाई ओट्यावरून सांगत, "मी कशाला उभी ऱ्हाते बाबा, गुडघे कुठं हायेत? बसलेय निवांत." विरोधी बाजूचा कार्यकर्ताही येऊन गेला. त्यानं आल्या आल्या आधी चपला काढल्या आणि मग विचारलं. त्याला मागची बाजू मिळाली, परसाकडची. तिथं वाचायला फक्त कोंबड्या असतात, पण विचारल्याचं समाधान त्यालाही झालं.

निकाल लागला. कोण आलं, ते मी सांगणार नाही. एका सकाळी कौशल्याबाईंनी चुना भिजवला, त्यात चिमूटभर नीळ टाकली आणि केकताडाचा, म्हणजे घायपाताच्या वाखाचा, कुंचा ओला केला. वरचं नाव सत्यशीलाबाईंनी पुसलं. चिन्ह पुसलं. खालच्या ओळीशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

"आत्याबाई, येवढी वळ ऱ्हाऊ द्या की. तुमचं नाव हाय."

कौशल्याबाई पाटावरून उठल्या. त्या ओळीवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, सावकाश, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मग सुनेच्या हातातला कुंचा घेतला.

"ऱ्हाऊ दिली, तर पुढल्या बारीला म्हनतील, एकदा इचारलंय की. परत येऊन इचारू दे."

आणि त्यांनी कुंचा फिरवला.

मी आता पांढरीशुभ्र आहे. ओल अजून वाळायची आहे, त्यामुळं अंग गार लागतं. मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्या बहिणी असतील. त्यांना खिळे ठोकू नका, त्यांच्यावर थुंकू नका, हे तर तुम्हाला शाळेत सांगतातच. मी त्यात एक भर घालते. त्यांच्यावर काही लिहायचं झालं, तर आधी दाराशी जा आणि ज्या हातांनी ती भिंत लिंपली, त्या हातांना विचारा. उत्तर लगेच मिळेलच असं नाही. उद्या ये म्हणाल्या, तर उद्या जा.